तिघऱ्याहून सायकल, उरवाईचा चढ आणि कुंदाआत्या

कुंदाआत्याचा फोन आला तेव्हा मी खडकवासल्याच्या रस्त्याकडेला सायकल टेकवून ताक पीत होते.

"मेधू, मी तुझं नाव देऊन टाकलं," आत्या म्हणाली.

"कशात?"

"अगं, ते आपलं सायकलीचं आणि चालण्याचं. फेब्रुवारीत. तू सायकल चालव, मी चालीन. जोडी आहे आपली. दोन हफ्ते आधी येऊन जा, तयारी करू."

'देऊन टाकलं', 'येऊन जा', 'दोन हफ्ते'. ही आमची ग्वाल्हेरची मराठी. पुण्यात राहून माझी बरीचशी धुतली गेली आहे. आत्याची अजून पक्क्या रंगाची आहे. तिचे असे दोन शब्द कानावर पडले की मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे हे विसरते आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्लीत उभी राहते. त्यामुळे नाही म्हणायचं राहूनच गेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सहासष्ट. आयुष्यभर मुलींच्या शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे अर्धं लश्कर तिला 'कुंदा मैडम' म्हणतं. निवृत्तीनंतर तिनं आणि तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. आत्या राहते त्या कंपू भागात दवाखाने खूप. भिंड, मुरैना, शिवपुरी, श्योपूर, सगळीकडून पेशंट येतात. पेशंटजवळ एकालाच थांबता येतं. बाकीचे घरचे बाहेर पथारी पसरतात. त्यांच्यासाठी जवळच एक निवारा बांधायचा होता: अंथरूण, न्हाणीघर, गरम पाणी. त्याच्या मदतीसाठी हा उपक्रम. जोडीतल्या एकानं तिघरा धरणापासून शहरापर्यंत वीसेक किलोमीटर सायकलनं यायचं, आणि दुसऱ्यानं उरवाईच्या वाटेनं किल्ला चढून, पठार ओलांडून, हत्ती पोळीच्या दरवाजानं खाली उतरून त्याच वाटेनं उलट परत यायचं. प्रत्येक जोडीमागे ओळखीपाळखीचे लोक देणगी देणार.

मी सायकल नियमित चालवते, त्यामुळे माझ्या वाट्याची मला धास्ती नव्हती. धास्ती वेगळीच होती. आई गेली, मग बाबा गेले, जुन्या गोरखी वाड्यामागचं भाड्याचं घर सोडलं, आणि त्यानंतर मी ग्वाल्हेरला गेलेच नव्हते. आत्याच पुण्याला यायची. आपण जिथे वाढलो त्या गावात पाहुणी म्हणून उतरायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

पुण्याहून ग्वाल्हेरला थेट गाड्या आहेत. प्रवास जवळजवळ पूर्ण दिवसाचा. सायकल न्यायची असेल तर आदल्या दिवशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जा. पुढचं चाक आणि पेडल काढून, सगळीकडून गोणपाट गुंडाळून द्या, आणि नाव-गाव मोठ्या अक्षरांत लिहा. शक्य असेल तर सायकल तुमच्याच गाडीनं जाईल असं बघा. माझी दुसऱ्या गाडीनं आली आणि मला एक दिवस हात चोळत बसावं लागलं.

झाशी सोडली की मी खिडकी सोडत नाही. दतियाचा टेकडीवरचा महाल येतो, मग डबरा, मग सपाट शेतं. या दिवसांत सरसों फुललेली असते आणि डब्यातल्या लोकांच्या चेहऱ्यावरसुद्धा पिवळा उजेड पडतो. लहानपणी दतिया दिसलं की आई केस विंचरायला बसवायची. यंदा माझा हात आपोआप केसांकडे गेला, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, "ग्वालियर उतरेंगी?" मी हो म्हटलं. "मायका है?" आईबाबा नव्हते, घरही नव्हतं. "हां," मी म्हटलं.

स्टेशनवर अन्वी आली होती. अन्वी ही आत्याची नात, लेकीची मुलगी. आईवडील इंदूरला, ही इथे कॉलेजसाठी आजीजवळ राहते. "मावशी, स्वेटर घालून घ्या, बाहर बहुत हवा है," असं म्हणत तिनं माझी बॅग घेतली. ई-रिक्षानं पडाव, फूलबाग, इंदरगंज करत आम्ही कंपूला निघालो. इंदरगंजच्या चौकात तशीच गर्दी होती, आणि तिच्यातून वाट काढणारे तसेच सगळे हात बाहेर काढून ओरडत होते. मला उगाचच हसू येत राहिलं.

आत्या दारातच उभी होती. ट्रॅक सूट, वरून शाल. मी वाकले तर तिनं मध्येच धरलं. "पाया नंतर पडून घे, आधी चहा पी. थंडी लागतेय का?" पुण्यात थंडी वाजते. इथे ती लागते.

सायकल आल्यावर पहिल्याच सकाळी मी तिघऱ्याला जाऊन आले. धुकं उतरलेलं होतं आणि बोटं हातमोज्यांतही गारठली होती. सायकलवाल्यांसाठी सांगते: रस्ता एकंदरीत चांगला आहे, लहान चढउतार आहेत, पण गावांजवळचे गतिरोधक न रंगवलेले आहेत आणि कुत्री मोकाट. शहर सोडलं की गुप्तेश्वरची टेकडी मागे पडते, मग शेतं, विटांच्या भिंती, गोवऱ्यांचे ढीग, आणि अचानक समोर पाणी. धरणाच्या भिंतीवर मी एकटीच होते. शाळेची सहल इथे यायची. कुंदा मैडम शिट्टी वाजवून आम्हाला पाण्यापासून दूर ठेवायच्या, आणि घरी आल्यावर तीच कुंदाआत्या माझ्या ओल्या चपला चुलीजवळ वाळवायची.

परतताना मी मुद्दाम नया बाजारातून वळले. बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, बटाट्याची झणझणीत भाजी आणि वर गरम जिलेबी. पोटभर नाश्ता शंभर रुपयांच्या आत होतो. सराव सकाळी संपवा आणि मग खा. खाऊन सायकल चालवण्याचा विचारही करू नका.

आमचं घर पाहायला मी गेले. जिना तोच आहे. वर आता कोचिंग क्लास भरतो. बाबांच्या खोलीतून मुलांचा एकसुरात सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, रडू येईल. उलट बरं वाटलं. बाबांना बंद खिडक्या आवडायच्या नाहीत, आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

संध्याकाळी आत्याचा सराव. आम्ही तिघी कंपूच्या रस्त्यांवर चालायचो. आत्या पुढे, अन्वी मोबाइलवर अंतर सांगत मध्ये, मी मागे. दर दहा पावलांवर कुणीतरी "मैडम, नमस्ते" म्हणायचं. एकदा दवाखान्यांच्या रस्त्यावर आत्या थांबली. फुटपाथवर घोंगड्या, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या, भिंतीला टेकून बसलेली माणसं. एक बाई तान्ह्या मुलाला कुशीत घेऊन पेंगत होती.

"इथे मी झोपली होती," आत्या म्हणाली.

मला कळेना. "कधी?"

"दादा ॲडमिट होते तेव्हा. तू पुण्याहून निघाली होतीस, गाडी धुक्यात अडकली होती. रात्री आमचे हे, तुझे फुफा, दादांजवळ थांबायचे, पुरुषांचा वॉर्ड ना. मी घरी जाऊन काय करणार? काही लागलं, बोलावलं तर? मग इथेच. श्योपूरची एक बाई होती, तिनं आपली रजई अर्धी माझ्यावर टाकली. मी म्हटलं, तुमच्या मुलाला लागेल. ती म्हणाली, 'तीन जने में गरमाहट ज्यादा होती है, बहनजी.'"

बाबांच्या त्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी आत्याला कितीदा विचारलं होतं. ती औषधांबद्दल सांगायची, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायची. हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, आणि मग म्हणाली, "चल आता, पाय थंड पडतील."

खरी अडचण किल्ल्यावर आली.

किल्ल्याला दोन वाटा. उरवाईच्या बाजूनं गाड्या वर जातात. दोन्हीकडे उंच कातळ आणि त्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती. दुसरी किल्लागेटची, हत्ती पोळीतून जाणारी, फक्त पायी, दगडी आणि तीव्र. पहिल्यांदाच जाणार असाल तर उरवाईनं चढा आणि हत्ती पोळीनं उतरा. वर मानमंदिर महाल पाहायला तिकीट आहे. पाणी बरोबर ठेवा, वरच्या गुरुद्वाऱ्यातही मिळतं.

आम्ही उरवाईनं निघालो. आत्या सुरुवातीला माझ्यापेक्षा जोरात होती. मूर्तींजवळ आल्यावर ती फोटो काढायला थांबली. जरा पुढे बुटाची लेस बांधायला. मग पुन्हा लेस. तिसऱ्यांदा ती लेस बांधायला वाकली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर त्या थंडीतही घाम. तरी ती वर आली. सूरजकुंडाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "बघ, आली की नाही?" उतरताना मात्र प्रत्येक पावलाला तिनं भिंत धरली.

घरी आल्यावर ती अंघोळीला गेली तसं अन्वीनं मला गॅलरीत ओढलं. "मावशी, एक बात बतानी है, पण आजीला सांगू नका. डॉक्टरनं गुडघ्यासाठी मना केलंय. प्लेनवर चाला बोले, पर चढाई बिल्कुल नहीं. कार्टिलेज घिस गया है. आजी म्हणते, एक दिन की तो बात है."

मी सांगितलंच. चहा घेताना सरळ विचारलं. आत्यानं अन्वीकडे असं पाहिलं की ती कप घेऊन आत गेली.

"माझ्या शाळेच्या चाळीस मुली माझ्यामागे चालणार आहेत, मेधू. मुली कसल्या, बायका. मी म्हटलं म्हणून आल्या. आणि मीच घरी बसून जाऊ?"

"आत्या, गुडघा कायमचा गेला तर?"

"तर गेला! मी काय आता लांब उडी मारणार आहे?"

आवाज चढले. मी म्हटलं की बाबा असते तर त्यांनी तुला जाऊ दिलं नसतं. ती म्हणाली की दादा असते तर हे सगळं करावंच लागलं नसतं. ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

रात्रीच्या जेवणात आम्ही फक्त "वाढू का" आणि "पुरे" एवढंच बोललो. सकाळी मी उठले तर आत्या हॉलमध्ये माझ्या सायकलीसमोर उभी होती. हँडल धरून तिनं ब्रेक दाबून पाहिला.

"डॉक्टरनं सायकल नाही मना केली," ती म्हणाली. "उलट, चालवा म्हणाला. गुडघ्याला चांगली असते."

मला समजायला एक क्षण लागला. महिनोन्‌महिने मी सायकलचा सराव केला होता. चढाचा, वाऱ्याचा, सगळ्याचा. ऑफिसात सगळ्यांना सांगून आले होते. चालण्याचा माझा सराव म्हणजे भाजी आणायला जाणं. खोटं कशाला बोलू, मनात पहिली गोष्ट हीच आली. दुसरी आली ती तिच्या चेहऱ्याकडे बघून. परवानगी मागायची सवय नसलेली बाई परवानगी मागत होती.

"मग मी चालते," मी म्हटलं.

"चढशील?"

"तू शिकव."

माझी सायकल तिला जमेना. कमरेतून वाकावं लागतं. मग दुकानातून सरळ हँडलची लेडीज सायकल भाड्यानं घेतली, सीट उंच करून. आणि सरावाला आम्ही कुठे गेलो असू? गोरखीत. तिथल्या मोकळ्या जागेत आत्यानं मला सायकल शिकवली होती. ती कॉलेजात होती तेव्हा, साडीचा पदर खोचून माझ्यामागे धावायची आणि "पुढे बघ, चाकाकडे नको बघू" म्हणून ओरडायची. आता मी तिच्यामागे धावत होते. कित्येक वर्षांनी ती सायकलवर बसली होती. पहिला गोल वाकडातिकडा झाला, दुसरा जरा बरा. तिसऱ्यात तिनं घंटी वाजवली, आणि शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं एक हात सोडून त्यांना दाखवला. मी ओरडले, "दोन्ही हात ठेव!"

"गप गं, मैडम मी आहे!"

उरलेले दिवस वेगानं गेले. सकाळी ती आणि अन्वी तिघरा रोडवर, रोज थोडं पुढे. मी उरवाईवर, रोज थोडं वर. सायकलनं कमावलेल्या मांड्या चढाला उपयोगी पडतात, पण उताराला अजिबात नाही. किल्लागेटच्या दगडांवरून उतरताना माझ्या पायांची बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहायची. तुम्ही जाणार असाल तर नवे बूट घालू नका आणि नखं कापून जा. संध्याकाळी आत्या गरम पाण्यात मीठ टाकून माझे पाय बुडवायला लावायची आणि स्वतः गुडघ्याला शेक घेत बसायची. अन्वी आमचा फोटो काढून म्हणायची, "क्या टीम है!"

नावं बदलायला आयोजकांकडे गेलो. बघेल नावाचे गृहस्थ होते, त्यांची बायको आत्याची विद्यार्थिनी. ते अवघडून म्हणाले, "मैडम, जोड़ी में काम बदलना मना है। नियम है।"

"किसने बनाया?"

"आपने।"

"तो मैं ही बदल रही हूँ। लिखो."

उपक्रमाच्या सकाळी मी उरवाईच्या पायथ्याशी उभी होते. मंडप, केळी, चहा, लाउडस्पीकर. आत्याच्या चाळीसजणी गुलाबी दुपट्टे बांधून आल्या होत्या. एकेक सायकलस्वार येत होता, जोडीदाराच्या मनगटावर फीत बांधत होता आणि जोडीदार चढाला लागत होता. तरुण मुलं आली, फटफटीच्या वेगानं. मध्यमवयीन आले. मग येणारे विरळ झाले. आत्या नाही. अन्वी तिच्याबरोबर होती, पण फोन उचलत नव्हती. गुलाबी दुपट्ट्यांमधली एक म्हणाली, "मैडम आ जाएँगी," आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा म्हणाली, जरा हळू आवाजात. शेवटची जोडी म्हणून ज्यांचं नाव पुकारलं होतं तेही गेले. जोडीदाराची वाट बघणारी मी एकटीच उरले. माझ्या डोक्यात नाही नाही ते येत होतं: गुडघा, कुत्रा, ट्रक.

मग वळणावर घंटी वाजली. एकसारखी, न थांबता. आत्या ताठ बसून येत होती, मान वर, तोंड लालबुंद. मागे अन्वी. चाळीसजणींनी असा आरडाओरडा केला की वरच्या कातळातले पोपट उडाले. वाटेत दोन चढांवर ती उतरून सायकल ढकलत आली होती. त्यात वेळ गेला. तिनं माझ्या मनगटावर फीत बांधली. गाठ दोनदा सुटली.

"जा," ती म्हणाली. "आणि उतरताना वाकडी पावलं टाक, सरळ नको."

चाळीसजणी माझ्यामागे निघाल्या. मूर्तींपर्यंत गप्पा, मग धापा, मग कुणीतरी शाळेची प्रार्थना सुरू केली. वर पठारावर ऊन आलं होतं. मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांतली बदकं ओळीनं चालली होती. तिथल्या कठड्यावरून खाली लश्कर दिसतं. लहानपणी बाबा मला इथे खांद्यावर घेऊन आमचं छप्पर दाखवायचे आणि मी प्रत्येक वेळी चुकीचं छप्पर दाखवून "हेच ना?" म्हणायचे. बाबा "हो" म्हणायचे. मी क्षणभर थांबले. कुठलं ते आताही ओळखता आलं नाही. मग उतरायला लागले.

हत्ती पोळीनं उतरताना बोटं पेटली. परत चढताना तीन ठिकाणी बसले. बरोबरच्या जणी एकेक करून पुढे गेल्या. शेवटचा उरवाईचा उतार मी वाकडी पावलं टाकत, एकटीच उतरले. वेळ कधीच संपली होती. लाउडस्पीकर बंद होता, मंडपाचं कापड उतरवलं होतं, मंडपवाले सतरंज्या गुंडाळून खुर्च्यांच्या चळती लावत होते. रिकाम्या मैदानात एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर आत्या बसली होती. मंडपवाला शेजारी उभा राहून विनवत होता, "अम्मा, अब तो उठ जाइए।"

"मेरी जोड़ी आ रही है," आत्या त्याला म्हणाली, आणि मला पाहून बसल्या बसल्या टाळ्या वाजवायला लागली. मंडपवाल्यानंही वाजवल्या. पदकं संपली होती. आत्यानं अर्धं केळं माझ्या हातात ठेवलं आणि त्या एकाच खुर्चीवर मला बसवलं. मग मात्र मी रडले. "बाबा असते तर" असं काहीतरी म्हणायला गेले, पण आत्या म्हणाली, "माहीत आहे. खा आधी."

पुण्याला परतून आता बरेच महिने झाले. पायाच्या एका अंगठ्याचं नख काळं पडून गेलं, नवं अर्धं आलं आहे. सायकल मी तिथेच अन्वीजवळ ठेवून आले. इथे दुसरी घेण्याची मला घाई नाही. हल्ली ऑफिसला चालत जाते. चालताना माणसं दिसतात, हे सायकलवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. ग्वाल्हेरबद्दल कुणी विचारलं तर मी किल्ला सांगते, बेडई सांगते, तिघऱ्याचं धुकं सांगते. आई, बाबा, घर यांच्याबरोबर ते गाव माझ्यापुरतं संपलं असं मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं. तिथे माझी आत्या होती, आणि मी न विचारलेल्या कितीतरी गोष्टी होत्या.

परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी घाबरले.

"काय झालं गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. निवारा सुरू झाला आज. मी आतच बसली आहे. सगळी माणसं रात्रभर दवाखान्यात जागलेली आहेत, आता अंथरूण मिळालं तशी झोपून गेली. एक म्हातारे तर बूट घालूनच झोपले. मी काढले हळूच."

"छान झालं, आत्या. अजून सांग ना."

"हळू बोल, मेधू. झोपलेत सगळे."

"हो, हो," मी कुजबुजले. आणि मग पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात, आजूबाजूला कुणीही नसताना, मी फोन संपेपर्यंत कुजबुजतच बोलत राहिले.